हॉटेल-बार्ज (फ्रान्स)

हॉटेल-बार्ज : फ्रान्सच्या कालव्यांवर व संथ नद्यांवर चालणारी निवासी प्रवासी बोट आणि तिच्यावरून होणारी साधारण आठवड्याभराची सफर. बोट जुन्या मालवाहू बोटीतून घडवलेली असते किंवा त्याच मापाने नव्याने बांधलेली. फ्रेंचमध्ये तिला ‘पेनिश-ओतेल’ म्हणतात. प्रवासी बहुधा सहा ते बारा, क्वचित वीसच्या पुढे. तांडेल, आचारी, वाटाड्या व खोल्या सांभाळणारी माणसे मिळून प्रवाशांच्या निम्म्याने तरी नोकरवर्ग असतो. बर्गंडी, लांगदॉक, ल्वार व शांपेन या वाइनच्या प्रदेशांत हा व्यवसाय विशेष चालतो. स्वतः सुकाणू धरण्याच्या भाड्याच्या छोट्या बोटी आणि रोन, सेनसारख्या मोठ्या नद्यांतील शंभर-दीडशे प्रवाशांची जहाजे यांचा विचार या नोंदीत केलेला नाही.

संज्ञा : मराठी वाचकाला, त्यातही गोव्यातल्या, बार्ज म्हटले की मांडवी-जुवारीतून लोहखनिज नेणाऱ्या लोखंडी बोटी डोळ्यांपुढे येतात. ती आठवण इथे गैरलागू नाही. आजच्या गुबगुबीत पलंगांच्या जागी कधी कोळसा, वाळू, धान्य किंवा वाइनची पिंपे असत.

‘पेनिश’ या शब्दाचा प्रवास वाकडातिकडा आहे. तो इंग्लिश ‘पिनेस’वरून आला असे बहुतेक कोशकार मानतात. हा इंग्लिश शब्द जुन्या फ्रेंच ‘पिनास’मधून आणि तो स्पॅनिश ‘पिनासा’, म्हणजे पाइनच्या लाकडाची बोट, यातून आला असे दिसते. म्हणजे शब्द फ्रान्समधून इंग्लंडला गेला आणि वेगळे रूप घेऊन परतला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याचा अर्थ कालव्याशी संबंधित नव्हता. इंग्लंडवर स्वारीसाठी नेपोलियनने १८०३ ते १८०५ या काळात बुलोन्य येथे जे आरमार जमवले, त्यातील हलक्या वल्हवायच्या बोटींना पेनिश म्हणत. कालव्यातल्या लांबट, बोथट नाळेच्या मालबोटीला हे नाव बरेच नंतर, सामान्यतः त्या शतकाच्या उत्तरार्धात चिकटले असावे. इंग्रजांविरुद्ध बांधलेल्या बोटीचे नाव पुढे इंग्रजांनीच उभारलेल्या पर्यटनाला लागावे, हा योगायोग इथे नोंदवून ठेवतो.

आज हॉटेल म्हणून चालणाऱ्या बोटींपैकी पुष्कळ मूळच्या फ्रेंच नाहीतच. विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत हॉलंडमध्ये बांधलेल्या ‘लुक्समोटर’ जातीच्या बोटींना या व्यवसायात मोठी मागणी राहिली. त्यांची नाळ उभी व पिछाडी डौलदार असते, आणि तांडेलाच्या कुटुंबाची राहण्याची जागा त्या काळाच्या मानाने ऐसपैस असल्यामुळेच हे नाव पडले.

उगम : या प्रथेचा आरंभ कोठे धरावा याबद्दल एकमत नाही. एक मत जुन्या ‘कोश दो’पर्यंत, म्हणजे घोड्यांनी ओढायच्या उतारूंच्या पाणगाड्यांपर्यंत मागे जाते. ओसेर ते पॅरिस अशी पाणगाडी योन व सेन नद्यांवरून नियमित जाई, आणि तिच्यात उतारूंबरोबर मालही असे. दक्षिणेत कानाल द्यू मिदीवर तूलूझ ते आग्द ही टपालाची बोट अठराव्या शतकात चार दिवस घेई. रात्री उतारू काठावरच्या खानावळीत मुक्काम करत. परंतु ही सोय होती, सहल नव्हती. रस्ते खराब म्हणून लोक पाण्याने जात, आणि रस्ते सुधारल्यावर, आगगाडी आल्यावर त्यांनी पाणी सोडले.

दुसरे मत टॉमस जेफरसनच्या प्रवासाकडे बोट दाखवते. पॅरिसमध्ये अमेरिकेचा राजदूत असताना तो मनगटाच्या उपचारांचे निमित्त काढून १७८७ च्या वसंतात दक्षिणेला निघाला. मार्चमध्ये बर्गंडीत मर्सो व मोंराशेच्या द्राक्षबागा पाहिल्या, आणि मे महिन्यात आपल्या घोडागाडीची चाके काढून ती एका हलक्या बोटीवर चढवली. त्या गाडीतच बसून, काचा वर-खाली करत, वाचत-लिहीत तो कानाल द्यू मिदीतून ओढला गेला. कंटाळा आला की उतरून काठाने चालत जाई. वाइनची चौकशी, संथ पाणी आणि काठाने पायी चालणे हे आजच्या सफरीचे तिन्ही घटक या वर्णनात आहेत, म्हणून ते वारंवार उद्धृत होते. तथापि एका माणसाच्या हौसेला प्रथा म्हणणे कठीण.

प्रस्तुत नोंदीत तिसरे मत अधिक ग्राह्य धरले आहे. त्यानुसार हॉटेल-बार्ज ही दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मालवाहतुकीच्या ऱ्हासातून निघालेली गोष्ट आहे. ट्रकांमुळे लहान कालव्यांवरच्या बोटी रिकाम्या पडल्या व स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. इंग्लंडात जुन्या मालबोटींवर उतारू ठेवण्याचा प्रयोग आधीच झाला होता. फ्रान्समध्ये तो सामान्यतः १९६० च्या दशकाच्या मध्यास आला असे मानतात. पुढाकार मुख्यतः इंग्रजांचा होता, गिऱ्हाइके मात्र लवकरच अमेरिकन झाली.

मापे : हॉटेल-बार्ज कशी असेल, किती लोक घेईल व कोठे जाऊ शकेल, हे एका कायद्याने ठरवले आहे. सार्वजनिक बांधकाममंत्री शार्ल द फ्रेसिने याच्या पुढाकाराने ५ ऑगस्ट १८७९ रोजी मुख्य जलमार्गांवरील लॉकसाठी (पाणी भरून वा सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या, दोन्ही टोकांना दारे असलेल्या हौदासाठी) ३९ मी. लांबी व ५.२ मी. रुंदी हे किमान माप ठरले. त्यात बसणारी बोट ३८.५ मी. लांब व ५.०५ मी. रुंद होते. म्हणजे लॉकमध्ये शिरताना दोन्ही अंगांना जेमतेम चार बोटांची फट उरते. ती साधण्यासाठी तांडेल वेग जवळजवळ शून्यावर आणतो. बोट आत सरकते तसे पुढचे पाणी कोंडून तिला मागे रेटते, आणि मागची दारे बंद होईपर्यंत इंजिन हलकेच चालू ठेवावे लागते. खलाशी काठावरच्या खुंट्याला दोर टाकतो. वर चढायचे असेल तर वरच्या दारांची झडप उघडताच पाणी उसळते आणि दोर करकरतो. दहा-पंधरा मिनिटांत बोट तीनेक मीटर वर येते, तोवर हिरव्या शेवाळाच्या भिंतीकडे पाहणारा प्रवासी एकदम कुणाच्या तरी परसातल्या भाजीच्या वाफ्यासमोर येतो.

कानाल द्यू मिदी या मापातून सुटला, आणि त्याचे कारण पाण्यात नसून रुळांवर आहे. पिएर-पोल रिके याने १६६६ ते १६८१ या काळात (तो स्वतः १६८० मध्ये वारला) खोदलेला हा २४० किमी.चा कालवा १८५८ मध्ये चाळीस वर्षांच्या पट्ट्याने चक्क प्रतिस्पर्धी रेल्वे कंपनीच्या हाती दिला गेला. कंपनीला कालवा वाढवण्यात रस नव्हता. पट्टा १८९८ मध्ये संपला तेव्हा फ्रेसिनेचा उत्साह सरला होता. परिणामी बहुतेक लॉक आजही सुमारे ३० मी.चे, फुगीर भिंतींचे, लंबगोल राहिले आहेत. त्यामुळे तिथली हॉटेल-बार्ज आखूड व खोल्या कमी. पूलही बुटके व कमानदार आहेत. काप्स्तांचा पूल त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. अनेक बोटींवर सुकाणूची खोली घडी करून खाली पाडता येते ती अशाच जागी. रिकामी मालबोट पाण्यावर उंच तरंगते, म्हणून रूपांतर करताना तळाशी वजन भरावे लागते, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही.

बारापेक्षा अधिक उतारू घेतले की प्रवासी-बोटीचे कडक नियम लागू होतात. बाराचा आकडा इतका आढळतो तो त्यामुळे.

बर्गंडी कालवा : योन नदीवरील मीजेन ते सोन नदीवरील सॅं-जां-द-लोन, २४२ किमी., १८९ लॉक. त्यांपैकी ११३ योनकडच्या चढावर व ७६ सोनकडच्या उतारावर. काम १७७५ च्या सुमारास सुरू झाले, क्रांतीत रखडले, आणि पूर्णतेचे वर्ष म्हणून सामान्यतः १८३२ दिले जाते. दीझाँपासून सोनपर्यंतचा तुकडा मात्र त्याआधी पुष्कळ वर्षे वापरात होता. माथ्यावरचे पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ३७८ मी. उंचीवर आहे आणि ते टिकवण्यासाठी पांतिए, सेर्से, ग्रोब्वा, शाझिली असे तलाव बांधावे लागले. याच माथ्यावर पुयी-आं-ओक्स्वा गावाखालून ३,३३३ मी.चा बोगदा जातो. बोगद्यात घोड्यांसाठी वाट ठेवलेली नाही. आरंभी खलाशी हाताने बोट ओढत-ढकलत. १८६७ मध्ये तळाशी टाकलेल्या साखळीवर चालणारी वाफेची ओढबोट आली, १८९३ मध्ये विजेची. छताला अडणाऱ्या रिकाम्या बोटी एका तरंगत्या पेटाऱ्यात बसवून पार केल्या जात. विजेची ओढबोट आता गावात शिगेरू बान या जपानी वास्तुरचनाकाराने पुठ्ठ्याच्या नळ्यांनी उभारलेल्या मांडवाखाली ठेवली आहे.

हॉटेल-बार्जचा आवडता टप्पा बोगद्याच्या पूर्व तोंडापासून ऊश नदीच्या खोऱ्याने दीझाँपर्यंतचा. वांदनेसला टेकडीवरचा शातोनफचा किल्ला पाण्यात उलटा दिसतो. अंतर पन्नासेक किमी. आणि लॉकही पन्नासाहून अधिक. मोटारीने तासाभराच्या आत संपणारी ही वाट सहा दिवस पुरवली जाते. कालव्यावर वेग ताशी सहा ते आठ किमी.च्या पुढे नेता येत नाही, आणि लॉकमधला वेळ धरला तर काठाने चालणारा माणूस सहज पुढे जातो. घोड्यांसाठी केलेली ही काठची वाट आता सायकलींची झाली आहे, आणि बोटीवर सायकली ठेवलेल्या असतातच.

वाइनशी संबंध : जाहिरातीतील चित्रे पाहून बोट द्राक्षबागांमधून सरकते असा समज होतो. बर्गंडीत तो बहुतांशी खोटा आहे. कालव्याला सपाटी हवी, द्राक्षवेलीला उतार. ऊशच्या खोऱ्यात काठाला दिसतात त्या शारोले जातीच्या पांढऱ्या गाई व कुरणे. न्वी व बोनच्या परिसरातील प्रसिद्ध उतारांवर (तेथील ‘क्लिमा’ म्हणजे स्वतंत्र नावाचे बागांचे तुकडे २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आले) प्रवाशांना छोट्या बसने नेऊन संध्याकाळी बोटीवर परत आणतात. वेली खरोखर पाण्याशी भिडलेल्या पाहायच्या तर सांत्ने व शान्यीजवळचा मध्य-कालवा किंवा लांगदॉकमधील मिनेर्व्ह्वाचा भाग बघावा.

ऐतिहासिक संबंध मात्र खरा व जुना. पॅरिसच्या जकातीच्या भिंतीबाहेर बेर्सी येथे सेनच्या काठी जी प्रचंड वाइनची कोठारे होती, तिथे योनच्या खोऱ्यातील माल पाण्यानेच उतरे. पॅरिस-दीझाँ रेल्वे १८५१ मध्ये कालव्याच्या जवळजवळ समांतर सुरू झाली आणि तिने कालव्याचा माल पळवला. पुढे दक्षिणेची स्वस्त वाइनही रेल्वेनेच पॅरिसला पोचवली, आणि फिलॉक्सेरा किडीने तोनेर-ओसेरकडच्या बागा उजाड केल्यावर त्यांतल्या बऱ्याच पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. शाब्ली टिकले. मिदीवर ‘पिनार्दिए’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टाकीच्या वाइनबोटी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालत होत्या.

जेवणासोबत दोन वाइन व दोन-तीन चीज अशी प्रथा आहे. बर्गंडीत त्यांत एपवास हे उग्र वासाचे चीज बहुधा असतेच. आरंभीचा ‘कीर’, म्हणजे आलिगोते या पांढऱ्या वाइनमध्ये ब्लॅककरंट या काळ्या बेरीचे मद्य, दीझाँचे महापौर (१९४५-६८) फेलिक्स कीर या धर्मगुरूच्या नावाने ओळखला जातो. बोनच्या धर्मार्थ रुग्णालयाचा १८५९ पासूनचा वाइनचा लिलाव नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी असतो. तेव्हा हंगाम आटोपलेला असतो, म्हणून बार्जच्या प्रवाशांना तो सहसा पाहायला मिळत नाही.

इतर मार्ग : मॉर्व्हांतील जळाऊ लाकूड पॅरिसला वाहून नेण्यासाठी निघालेला निव्हेर्ने कालवा (१७४ किमी.) बंद पडण्याच्या बेतात होता, तो १९७२ मध्ये निएव्र जिल्ह्याने चालवायला घेतला. सॅंसेरकडे जाणाऱ्या बोटी ब्रियारच्या ६६२ मी. लांब पोलादी जलपुलावरून (१८९६) ल्वार ओलांडतात. शांपेनमध्ये मार्न नदी, आल्सासमध्ये मार्न-ऱ्हाइन कालवा वापरतात.

सद्यःस्थिती : हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी कालवे रिकामे करतात. देखभाल १९९१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय जलमार्ग संस्थेकडे आहे. उन्हाळा कोरडा गेला तर माथ्यावरचे तलाव आटतात आणि तो भाग बंद ठेवावा लागतो. मग एकाच सफरीतला अर्धा मार्ग बदलून प्रवाशांना बसने दुसऱ्या खोऱ्यात नेतात.

मिदीवर (१९९६ पासून जागतिक वारसा) वेगळे संकट आहे. त्याच्या काठच्या सुमारे ४२,००० प्लेन वृक्षांमध्ये पसरलेला बुरशीचा रोग २००६ मध्ये लक्षात आला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून तो युरोपात आला असे सामान्यतः मानतात. कालव्यावर तो बोटींच्या दोरांमुळे व घासण्यामुळेही पसरला, म्हणून झाडांना दोर बांधण्यास मनाई आहे. रोगट झाडे मुळासकट काढून जाळतात. नव्या लागवडीत एकाच जातीवर भर न देता ओक व इतर झाडे लावली जात आहेत. तूर्त सावली गेल्यामुळे मिदीच्या काही टप्प्यांवर हॉटेल-बार्जच्या डेकवर कापडी छत लावावे लागते.