३२.९ की २३.९? तिमाही आकड्यांमागची जुनी गोष्ट

२०२० च्या ऑगस्टची गोष्ट. ३१ तारखेला आपला एप्रिल-जूनचा जीडीपी आला, उणे २३.९ टक्के, आणि अर्ध्या तासात आमच्या फॅमिली ग्रुपवर जुंपली. कुणीतरी टाकलं की अमेरिका तर ३२.९ ने पडली, मग आपण बरेच की! मेहुण्यांनी लगेच अंगठा दिला. पण हे दोन आकडे एका काट्यावर चढतच नाहीत. आपला आकडा मागच्या वर्षीच्या एप्रिल-जूनशी ताडलेला, आणि अमेरिकेचा लगेच आधीच्या जानेवारी-मार्चशी, तोही सीझन काढून आणि वर वर्षाच्या दराने मांडलेला. पहिल्या अंदाजात तिथली त्या तिमाहीतली घसरण होती साडेनऊ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १०० चे ९०.५ राहिले. हीच घसरण चार तिमाह्या चालू राहिली तर? ९०.५ चे परत साडेनऊ टक्के कमी, असं चारदा करा, ६७.१ उरतात. झाले ३२.९.

आता सीझन काढणं म्हणजे काय, तर मेहुण्यांचं धरणगावकडे जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना, तिथे दिवाळीनंतर जाऊन बघा. रेचे, म्हणजे सरकी काढायची मशिनं, रात्रंदिवस चालू, आवारात कापसाचे ढीग, बाहेर गाड्यांची रांग. जूनमध्ये गेलात तर वॉचमन आणि दोन कुत्री. जूनपेक्षा नोव्हेंबरमध्ये धंदा कितीतरी पट वाढला असं कुणी म्हणालं तर जिनिंगमधला पोरगाही हसेल. म्हणून समजा नोव्हेंबरला दरवर्षी महिन्याच्या सरासरीच्या तिप्पट गाठी निघतात, तर नोव्हेंबरच्या आकड्याला तीनने भागायचं, मग जे उरतं त्यावरून कळतं की धंदा खरंच वर चाललाय की नुसता सीझन आहे.

सोपं वाटतं, पण हे ‘तीन’ शोधायला लोकांनी आयुष्यं घातली. १९१९ मध्ये हार्वर्डच्या वॉरन पर्सन्सनी आकड्यांची रांग चार तुकड्यांत फोडली: लांब पल्ल्याचा कल, तेजी-मंदी, मोसम आणि उरलेलं अचानक घडणारं. मग फ्रेडरिक मॅकॉले यांनी बारा महिन्यांची सरकती सरासरी, म्हणजे प्रत्येक महिन्यासाठी त्याच्या आगेमागेच्या बारा महिन्यांची सरासरी, काढून मूळ आकड्याला तिने भागायची रीत बसवली, त्यांचं पुस्तक १९३१ चं. सगळं कारकुनांच्या हातानं, एक चुकलं की पानभर चुकलं. १९५४ मध्ये अमेरिकेच्या जनगणना खात्यातल्या ज्युलियस शिस्किननी हे काम युनिव्हॅक कॉम्प्युटरवर चढवलं आणि तिथून गाडी सुटली, १९६५ ला सीझन काढायचा एक्स-११ नावाचा प्रोग्रॅम आला आणि देशोदेशी तेच चाललं. त्यात एक गोची होती: सरकत्या सरासरीला पुढचे महिनेही लागतात आणि सगळ्यात ताज्या आकड्यापुढे ते नसतातच, नेमका जो आपल्याला हवा तोच कच्चा. कॅनडाच्या एस्टेला डागम यांनी पुढच्या महिन्यांचा अंदाज आधी बांधून ती फट बुजवली. तरी नवे महिने आले की जुने आकडे थोडे हलतातच, त्यात कुणाची लबाडी नसते.

आपल्याकडे तिमाही जीडीपी १९९९ पासून येतोय, आणि बातमीत येतो तो मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडलेला दर. सीझन आपोआप कटतो, कुणालाही समजतं. पण वळण उशिरा दिसतं आणि बेस, म्हणजे ज्याच्याशी ताडतो तो मागच्या वर्षीचा आकडा, फसवतो. २०२१ च्या एप्रिल-जूनला २०.१ टक्के वाढ आली तेव्हा पेढे वाटल्यासारखे मेसेज फिरले, प्रत्यक्षात उत्पादन २०१९ च्या एप्रिल-जूनच्या खालीच होतं. मला विचाराल तर हा दर आणि सीझन काढून आधीच्या तिमाहीशी ताडलेला दर, दोन्ही शेजारी छापावेत.

बाकी आपली खरी अडचण तिथींची. २०२२ ला लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला, २०२३ ला १२ नोव्हेंबरला, मग ऑक्टोबरला ठरलेल्या कुठल्या आकड्याने भागायचं? एक्स-११ च्या सध्याच्या अवतारात, एक्स-१३ मध्ये, ईस्टर आणि थँक्सगिव्हिंग आतच बसवलेत, दिवाळीच्या तारखा मात्र आपल्या आपण भराव्या लागतात. मेहुण्यांना हे सांगितलं तर म्हणे, मग गणेश चतुर्थी पण भर, मुहूर्ताची कापूस खरेदी २०२० ला २२ ऑगस्टला झाली आणि २०२३ ला १९ सप्टेंबरला, तुझ्या कॉम्प्युटरला वाटेल आम्ही ऑगस्टभर झोपलो होतो.