रायफल नेमबाजीतलं पुनरागमन

शिक्षण, नोकरी, बाळंतपण, पाठदुखी अशा कुठल्याही कारणाने टार्गेट रायफल शूटिंग सुटलेला खेळाडू काही वर्षांनी पुन्हा मॅचला उतरतो, त्याला रेंजवर सगळे सरळ कमबॅक म्हणतात. या खेळात वय फारसं आड येत नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकमध्ये 50 मीटर प्रोनच्या (झोपून मारायच्या प्रकाराच्या) विश्वविजेत्या झाल्या, 2018 ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत थ्री पोझिशनचं (तीन स्थितींत मारायच्या प्रकाराचं) गोल्ड मिळवलं आणि पहिलं ऑलिम्पिक, टोकियोचं, खेळल्या ते वयाच्या चाळिशीत!

परतल्यावर नियम बदललेले दिसतात. एअर रायफलचा स्कोअर आता दशांशात, एका शॉटला जास्तीत जास्त 10.9, म्हणजे 60 शॉटचे 654, महिलांनाही आता 40 नाही 60 शॉट, आणि थ्री पोझिशनमध्ये नीलिंग (गुडघ्यावर बसून), प्रोन, स्टँडिंग (उभं राहून) प्रत्येकी 20. दशांशामुळे जेमतेम लागलेला दहा आता लपत नाही. 10 मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, 50 मीटरवर 10.4 मिलिमीटरचा.

अचूकता परत आणायची तर आधी ग्रुप (सगळे शॉट एकमेकांजवळ लागणं) आणि मग सेंटर (तो ग्रुप मधोमध आणणं) हाच क्रम बरोबर. बहुतेक जण पहिल्याच दिवशी साइटचे (नेम धरायच्या भागाचे) क्लिक फिरवत बसतात आणि तिथेच गाडी अडते. शरीर बदललेलं असतं, जुनं जॅकेट कुठे घट्ट कुठे ढिलं होतं, त्यामुळे बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीकपीस (गाल टेकायचा भाग) नव्याने लावावे लागतात, गाल दर वेळी त्याच जागी टेकला नाही तर डोळा साइटच्या मधोमध येतच नाही.

मग पोझिशन. स्टँडिंगमध्ये रायफल टार्गेटवर धरायची, डोळे मिटायचे, दोन-तीन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. साइट डावीकडे गेलेली दिसली तर हाताने ओढून आणायची नाही, पाय सरकवायचे. ओढून आणलेली रायफल ट्रिगर दाबताना परत तिकडेच जाते आणि शॉट नऊला लागतो. हे जमलं की ड्राय फायरिंग, म्हणजे गोळीशिवाय ट्रिगर दाबणं, घरी भिंतीसमोर रोज थोडं थोडं, कारण ट्रिगर सुटल्यावरही क्षणभर साइटमधून बघत राहायची (फॉलो-थ्रू) सवय सगळ्यात आधी मोडलेली असते. 50 मीटरला वाऱ्याचे झेंडे वाचणं आणि आपल्या बॅरलला कुठल्या बॅचची गोळी मानवते ते तपासणं हे आणखी वेगळं काम.

स्टँडिंगवर सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं मला ठामपणे वाटतं. पॅरिस 2024 च्या फायनलमध्ये स्वप्नील कुसाळे नीलिंग आणि प्रोननंतर पहिल्या तिघांत नव्हता, स्टँडिंगमध्ये वर सरकला आणि 451.4 वर ब्राँझ घेऊन आला, थ्री पोझिशनमधलं भारताचं पहिलं ऑलिम्पिक पदक.