फुगलेल्या शिरेकडून बिघडलेल्या झडपेकडे : व्हेरिकोज व्हेन्सच्या उपचारांची पार्श्वभूमी

पोटरीवर दोरीसारखी वेडीवाकडी फुगलेली शीर सहज नजरेत भरते, आणि कदाचित म्हणूनच वैद्यकाने शतकानुशतके त्या शिरेलाच आजार मानले. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने अशी शीर डागावी किंवा कापून काढावी, असे लिहून ठेवले आहे. रोमन सेनानी गायस मारियसच्या दोन्ही पायांवर अशा शिरा होत्या. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की, स्वतःला बांधून न घेता त्याने एका पायावरच्या शिरा निमूटपणे कापू दिल्या. मात्र वैद्य दुसऱ्या पायाकडे वळताच, या वेदनेच्या मानाने गुण फारसा नाही, असे म्हणून त्याने नकार दिला.

खरा दोष कुठे आहे, याचा धागा १६०३ मध्ये इटलीतील पादुआच्या फॅब्रिशियस या शरीररचनातज्ज्ञाने प्रसिद्ध केलेल्या शिरांमधील झडपांच्या वर्णनात होता. पण त्या झडपांचे काम त्याला नीट उलगडले नाही. ते उलगडले त्याचा शिष्य, इंग्रज वैद्य विल्यम हार्वे याला. दंडाला पट्टी बांधून फुगवलेल्या शिरेतले रक्त बोटाने हाताच्या पंजाकडे ढकलले, तर ते झडपेपाशी अडते, हे त्याने १६२८ च्या ग्रंथात चित्रांसह दाखवले. रक्त हृदयाकडेच जावे, ही त्या झडपांची जबाबदारी आहे. माणूस स्थिर उभा असताना घोट्याजवळच्या शिरेतील दाब सुमारे ९० मिलिमीटर पारा इतका असतो आणि चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलत असल्याने तो बराच उतरतो. झडपा नीट मिटत नसतील, तर वर गेलेले रक्त पुन्हा खाली येते, दाब उतरत नाही आणि शीर ताणली जाते. पुढे घोट्याजवळची त्वचा काळवंडते व तिथे न भरणारी जखमही होऊ शकते. आनुवंशिकता, गर्भारपण, वाढलेले वजन आणि तासन्‌तास उभे राहण्याचे काम यांमुळे हा धोका वाढतो.

जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबुर्ग याने १८९० च्या सुमारास ही गळती खाटेपाशीच दाखवून दिली. रुग्णाला झोपवून पाय उंच धरायचा, शिरा रिकाम्या झाल्या की जांघेजवळची मुख्य शीर बोटाने दाबायची आणि त्याला उभे करायचे. बोट काढताच रक्त वरून खाली भरत आले, तर झडप निकामी आहे, असे समजायचे. त्याने ती शीर मांडीतच बांधून टाकली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शिरेत तार घालून ती संपूर्ण ओढून काढण्याची पद्धत आली आणि अनेक दशके तीच प्रमुख शस्त्रक्रिया राहिली.

डॉप्लर सोनोग्राफीमुळे उलटा प्रवाह पडद्यावर दिसू लागला, तेव्हा चित्र पालटले. १९९९ च्या आसपास लेसर आणि रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने शीर आतूनच बंद करण्याचे तंत्र रुळू लागले. २०१३ मध्ये उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने शस्त्रक्रियेआधी याच पर्यायाचा विचार करावा, अशी शिफारस केली. शीर बंद केली तर रक्ताभिसरण थांबेल, ही रुग्णांची भीती अगदी स्वाभाविक आहे. परंतु पायातील बहुतेक रक्त खोलवरच्या शिरांतूनच वर जाते आणि त्या शाबूत असल्याची खात्री सोनोग्राफीत आधी करून घेतली जाते.

पायावरच्या जखमांबाबत मात्र आधी पट्ट्या बांधून वाट पाहण्याचीच रीत फार काळ चालली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४५० रुग्णांच्या ब्रिटिश अभ्यासात सर्वांना दाबपट्ट्या होत्याच. ज्यांची सदोष शीर लवकर बंद केली, त्यांची जखम भरण्याचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांची जखम ज्या काळात भरते तो) ५६ दिवस आला आणि ज्यांची शीर बंद करणे लांबणीवर टाकले, त्यांचा ८२ दिवस.