मुंबई ते लंडन: तासांचा हिशेब आणि मधलं आकाश

मुंबई–लंडन अंतर साधारण 7,200 किलोमीटर सांगितलं जातं. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजावं तसं हे अंतर. विमानं मात्र या रेषेवरून सहसा जात नाहीत. किती तास लागणार हे इंजिनाइतकंच मधल्या देशांच्या मर्जीवर अवलंबून असतं, आणि हे अगदी सुरुवातीपासून.

30 मार्च 1929 ला इम्पीरियल एअरवेजने लंडन–कराची सेवा सुरू केली. लंडन ते बाझेल विमान, तिथून जिनोआपर्यंत आगगाडी, मग पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने अलेक्झांड्रिया, कैरोपर्यंत परत आगगाडी आणि पुढे पुन्हा विमान. एवढी चढउतार करून सात दिवस! बोटीला दोन-तीन आठवडे लागत, त्यामुळे हेही नवलच होतं. इराणने आपल्या किनाऱ्यावरून उडायला दिलेली परवानगी 1932 मध्ये संपली आणि मार्ग आखाताच्या अरबी बाजूने, शारजावरून न्यावा लागला.

त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन पस मॉथ हे छोटं विमान अहमदाबादमार्गे जुहूला आणलं. मुंबई या मार्गाला जोडली गेली ती अशी. पण जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई. मग सगळा कारभार पुण्याला हलायचा आणि विमान येरवडा तुरुंगाजवळच्या माळावर उतरायचं. मुंबईची विलायती टपाल आधी पुण्यात, हे पुणेकरांनी अजून कसं ऐकवलं नाही कोण जाणे.

8 जून 1948 ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून निघालं. कैरो आणि जिनिव्हाला थांबत ते 10 जूनला लंडनला पोचलं. 1960 मध्ये बोइंग 707 हे जेट विमान आलं आणि एकेकाळचा आठवड्याचा प्रवास तासांत मोजायची सवय लागली.

आज थेट विमानाला जाताना साडेनऊ-दहा तास लागतात. येताना पश्चिमेकडून वाहणारे वरच्या थरातले वारे पाठीशी असतात, म्हणून तासभर तरी वाचतो.

वाऱ्यावर कोणाचा इलाज नाही. सीमांचं तसं नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनचं आकाश बंद झालं. पाकिस्तानने 2019 मध्ये काही महिने, आणि एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांपुरतं पुन्हा, आपलं आकाश बंद केलं. मुंबईहून निघणाऱ्याला त्याचा फटका कमी, कारण अरबी समुद्र दारातच आहे. दिल्लीहून लंडनला निघालेलं भारतीय विमान मात्र आधी दक्षिणेला गुजरातच्या दिशेने येतं, समुद्रावर जातं आणि मग कुठे पश्चिमेला वळतं.