दांपत्याची कमाई व कामाचे निर्णय (खानदेश)

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत नवरा-बायकोपैकी कोणी कोणते काम धरायचे, पैसा कोणाच्या हाती राहायचा आणि कशावर खर्चायचा, याच्या रूढ पद्धती. कमावणे, पैसा हाताळणे आणि निर्णय घेणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मजूर व शेतकरी कुटुंबांत पहिली बाईच्या वाट्याला हमखास येते, तिसरी क्वचितच.

ऊसतोडीत हे सर्वांत उघड दिसते. हंगामाला धुळे-नंदुरबारमधून जोडपी कारखान्यांकडे निघतात. मुकादमाच्या (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या) हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. एकटा माणूस म्हणजे अर्धा. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, बहुधा पुरुष घेतो, ती फिटते दोघांच्या कष्टाने. तो ऊस तोडतो. ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत वाहते, शिवाय खोपीवर परतून भाकरी थापते. मजुरी टनावर ठरत असल्याने तिचा वाटा किती, हे कुठेच लिहिले जात नाही. उचल अंगावर आली की हंगामाला जायचे की नाही, हा प्रश्नच उरत नाही. म्हणून उचल घेताना तिला विचारणे हाच खरा निर्णयाचा क्षण असतो.

सालदारकीचा, म्हणजे वर्षभराच्या ठरावाने शेतावर राबण्याचा, व्यवहारही पुरुषाशीच होतो. आखाजीला (अक्षय तृतीयेला) साल ठरते. बायको रोजंदारीवर जाते.

कापूस वेचणीचे तसे नाही. ही मजुरी किलोवर, रोख आणि थेट बाईच्या हातात पडते. त्यातून आठवडे बाजार, पोरांच्या वह्या-पुस्तके आणि बचत गटाचा हप्ता भागतो. हा पैसा तिचा मानला जातो, पण तो जिरतो घरातच. कापूस विकून येणारी मोठी रक्कम मात्र ज्याच्या नावे सातबारा, त्याच्याकडे जाते. नवऱ्याच्या संमतीने बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची ‘लक्ष्मी मुक्ती’ योजना राज्यात १९९२ पासून आहे. तिचा लाभ आजही प्रत्येक घराने घ्यायला हवा.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बागायत वाढली, तशी अनेक घरांत सुनेने दुसऱ्याच्या शेतात मजुरीला न जाणे प्रतिष्ठेचे झाले. तिचे काम त्यामुळे कमी झाले नाही. घरच्या शेतातले निंदणे-खुरपणे, गुरे, चूल सगळे चालूच राहिले. गेली ती हातातली रोख. ‘आमच्या घरच्या बाया कामाला जात नाहीत’ हे वाक्य अशा घरांबाबत निव्वळ खोटे आहे.

सुरतेला गेलेल्या खानदेशी कुटुंबांत नवरा यंत्रमागावर, तर बायको खोलीत बसून साड्यांना खडे-टिकल्या लावते, मोबदला नगावर. तिथे सासू-सासरे जवळ नसल्याने घरखर्चाचा ताळा बहुधा दोघे मिळून बसवतात. गावी पैसे किती धाडायचे, हा वाद त्यातही उरतोच.

कायद्याने हिंदू स्त्रीची स्वतःची मिळकत पूर्णपणे तिची आहे (हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६, कलम १४). २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये पात्र स्त्रियांच्या बँक खात्यात जमा होऊ लागले. ते काढायला बँकेत कोण जाते आणि पासबुक कोणाकडे असते, यावरून त्या घरातला व्यवहार कळतो.