कमी खर्चातली हार्डटेल : मापे आणि भाग आजच्या रूपात कसे आले

कमी खर्चात हार्डटेल, म्हणजे पुढे सस्पेन्शन आणि मागे ताठ फ्रेम असलेली माउंटन बाइक, जुळवायला घेतली की पैशांच्याही आधी अडचण येते ती मापांची. हौसेने घेतलेला फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुपाखी भाग, फ्रेममध्ये बसत नाही, चांगले मिळालेले मागचे चाक खाचेत जात नाही, आणि स्वस्तात पडलेला भाग शेवटी महागात जातो. गेल्या पन्नासेक वर्षांत ही मापे कशी आणि का बदलली हे ठाऊक असेल, तर मर्यादित पैसा कुठे घालावा याचा उलगडा बऱ्याच अंशी होतो.

या सायकलीचा जन्मच जुन्या, टाकाऊ सायकलींतून झाला. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत, माउंट टॅमलपाइसच्या परिसरातले तरुण श्विन कंपनीच्या १९३० आणि १९४०च्या दशकांतल्या जाड टायरच्या सायकली शोधून काढत, त्यांचे मडगार्ड आणि इतर जड सामान उतरवत आणि डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवरून त्या भरधाव खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्सजवळच्या एका उतारावर त्यांनी घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. सुमारे दोन मैलांत १३०० फूट खाली येणाऱ्या त्या वाटेवर मागच्या हबमधला (चाकाच्या मधल्या तुंब्यातला) कोस्टर ब्रेक, म्हणजे पॅडल उलटे दाबून लावायचा ब्रेक, इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून ग्रीस नव्याने भरावे लागे. त्या उताराला रिपॅक हे नाव पडले ते यावरूनच. दुसरी उणीव चढावर जाणवे, कारण एका गिअरची ती अवजड सायकल बहुतेकदा ढकलतच वर न्यावी लागे. डिसेंबर १९७४मध्ये क्युपर्टिनोहून आलेले काही सायकलस्वार मरिनमधल्या एका सायक्लोक्रॉस शर्यतीत डिरेलर गिअर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारे) लावलेल्या जाड टायरच्या सायकली घेऊन उतरले होते. मरिनच्या त्या तरुणांपैकी गॅरी फिशर यांनीही आपल्या जुन्या श्विनला गिअर आणि ड्रम ब्रेक बसवले. सुटे भाग जमवून हवी तशी सायकल उभी करण्याची रीत त्यामुळे या खेळाइतकीच जुनी आहे.

जुन्या फ्रेम अशा वापरापुढे टिकेनात, तेव्हा जो ब्रीझ यांनी १९७७मध्ये क्रोमोली पोलादाच्या नळ्यांची खास डोंगरासाठी घडवलेली फ्रेम तयार केली. १९७९मध्ये फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची यांच्या फ्रेमवर उभारलेल्या सायकलींचा व्यवसाय सुरू केला, पण त्या हाताने घडवलेल्या सायकली १३०० डॉलरच्या घरात जात. किंमत खाली आली ती कारखान्यांमुळे. स्पेशलाइज्ड कंपनीने १९८१मध्ये जपानमध्ये बनवलेली स्टम्पजंपर ७५० डॉलरला आणली, आणि पुढच्या वर्षी शिमानोने डोंगरी सायकलींसाठीच आखलेला डिओर एक्सटी हा भागांचा संच बाजारात आणला. तैवानमधील कारखान्यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतल्यावर बऱ्यापैकी फ्रेम सामान्य माणसाच्या आवाक्यात आली.

१९८९पर्यंत जवळजवळ सगळ्याच माउंटन बाइक दोन्ही बाजूंनी ताठ होत्या. त्या वर्षी रॉकशॉक्सचा आरएस-१ फोर्क आला, पुढे मागचे सस्पेन्शनही रुळले, आणि ज्या सायकलींची मागची बाजू ताठच राहिली त्या हार्डटेल ठरल्या. मागच्या सांध्यांची बेअरिंग, शॉक आणि त्यांची देखभाल हा सगळा खर्च तिथे मुळातच नसतो. म्हणून थोड्या पैशांत चांगली सायकल हवी असेल तर हार्डटेलच घ्यावी, यावर माझा ठाम विश्वास आहे. स्वस्त फोर्कबद्दल मात्र सावध राहावे. साध्या स्प्रिंगचा फोर्क अनेकदा अडीच किलोंच्या आसपास भरतो, आणि दबलेली स्प्रिंग परत येताना तिला आवरणारी यंत्रणा त्यात नसेल, तर दगडांच्या वाटेवर पुढचे चाक उसळत राहते आणि वळणावर पकड सुटते. त्यापेक्षा ताठ फोर्क आणि रुंद टायर बरा.

मापांचा गुंता फोर्कच्या दांड्यापासूनच सुरू होतो. बराच काळ हा दांडा वरपासून खालपर्यंत सव्वा इंचाहून थोडा कमी, म्हणजे १ १/८ इंच जाडीचा असे; नंतर खालच्या टोकाला दीड इंच होणारा निमुळता दांडा आला, आणि आज बहुतेक चांगले फोर्क त्याच मापात मिळतात. हा दांडा फ्रेमच्या ज्या पुढच्या नळीतून जातो त्या हेड ट्यूबचा आतला व्यास ३४ मिलिमीटर असेल तर निमुळता फोर्क बसत नाही. ४४ असेल तर बेअरिंगची खालची वाटी नळीच्या बाहेर ठेवून तो बसवता येतो. जुनी फ्रेम विकत घेताना ही नळी मोजल्याशिवाय व्यवहार करू नये. मागच्या हबचेही तसेच आहे: आधी १३५ मिलिमीटर रुंदीचा, खटक्याने सुटणारा क्विक रिलीज, मग फ्रेमच्या आरपार जाणाऱ्या जाड आसाचा १४२चा थ्रू अॅक्सल, मग त्याचेच आणखी रुंद १४८चे रूप, बूस्ट. चाकांच्या बाबतीत २६ इंची चाके नव्या सायकलींतून जवळपास हद्दपार झाली आणि २९ व २७.५ इंच उरली, त्यामुळे जुन्या चाकांसाठी चांगले टायर मिळणे दिवसेंदिवस अवघड होत आहे.

स्वस्त सायकलींत अजून टिकून असलेली एक जुनी गोष्ट म्हणजे हबवर आट्यांनी बसणारे फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दातेरी चकत्या आणि पॅडल थांबले तरी चाक फिरू देणारी यंत्रणा एकत्र असलेला भाग. त्यात उजवीकडचे बेअरिंग फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला, चाकाच्या मध्याकडे राहते, आणि आसाचा मोठा भाग आधाराविना बाहेर येतो. उड्या आणि धक्क्यांनी तो वाकतो. फ्रीहबमध्ये ही यंत्रणा हबचाच भाग असते आणि बेअरिंग फ्रेमच्या जवळ जाते. त्यामुळे पहिला पैसा फ्रीहब असलेल्या मागच्या चाकावर खर्च करावा. तो केला की पुढचे दारही उघडते: २०१२मध्ये स्रॅम कंपनीच्या महागड्या एक्सएक्स१ संचाने पुढे एकच दातेरी चकती पुरते हे दाखवून दिले, आणि आता ९ व १० गिअरच्या साध्या संचांतही ११ ते ४२ किंवा ४८ दातांपर्यंतचा कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा जुडगा, नेहमीच्या फ्रीहबवर बसतो.

चालवण्याच्या पद्धतीवर सर्वांत जास्त परिणाम केला तो फ्रेमच्या कोनांनी. पहिल्या श्विनचा फोर्क बराच तिरका होता; १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात शर्यतींच्या नादाने तो जमिनीशी ७१ अंशांपर्यंत उभा झाला आणि हँडल फोर्कच्या दांड्याला जोडणारा स्टेम लांबला. चढाला ते सोयीचे, पण उतारावर शरीर पुढच्या चाकावर झुके. आज ६५-६६ अंशांचा कोन आणि ३५ ते ५० मिलिमीटरचा स्टेम सर्रास दिसतो. जुन्या फ्रेमचा कोन फारसा बदलता येत नाही, पण आखूड स्टेम आणि रुंद हँडल लावून तिची उतारावरची वागणूक पुष्कळ सुधारते. सीट खाली घेऊन, गुडघे आणि कोपरे सैल ठेवून उभ्याने उतरले, तर मागच्या सस्पेन्शनचे बरेचसे काम पायच करतात.