जुना प्रोसेसर, नवे ग्राफिक्स कार्ड : अडसराच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

जुन्या संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवायचे ठरले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : प्रोसेसर त्याला अडवेल का? त्यावर सांगितले जाणारे ठोकताळे त्या त्या काळी बहुधा बरोबर होते. अडचण एवढीच की तो काळ सरला तरी ते सांगितले जात राहतात. गेममधील एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एक चित्र, तयार करण्याचे काम प्रोसेसर आणि कार्ड यांच्यात कसे वाटले जाते, हे गेल्या तीस वर्षांत अनेकदा बदलले आहे आणि प्रश्नाचे उत्तरही त्या वाटणीबरोबर बदलत गेले आहे.

१९९६ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचे व्हूडू कार्ड आले, तेव्हा दृश्य ज्या त्रिकोणांचे बनते त्यांवर टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागाचे चित्र, चढवून त्यांचे पिक्सेल रंगवणे एवढेच काम कार्डाकडे होते. ते त्रिकोण त्रिमितीय जगात कुठे आहेत, कॅमेऱ्यातून कसे दिसतील आणि त्यांवर प्रकाश किती पडेल, हे सारे गणित प्रोसेसर करीत असे. म्हणूनच १९९८ च्या व्हूडू २ च्या दोन कार्डांची जोडी लावणाऱ्याला वेगवान पेंटियम २ घ्यावा लागे. जुन्या पेंटियमवर त्या जोडीची बरीचशी ताकद पडून राही. १९९९ च्या ऑक्टोबरात बाजारात आलेल्या एनव्हिडियाच्या जीफोर्स २५६ ने हे गणित स्वतःकडे घेतले, आणि प्रोसेसरवरील सर्वांत ठळक भार हलका झाला.

उरलेला भार मात्र डोळ्यांना सहज न दिसणारा होता. कोणती वस्तू, कोणत्या टेक्श्चरसह, कशी काढायची ही आज्ञा, म्हणजे ड्रॉ कॉल, कार्डाला प्रोसेसरच देतो. गेम आणि कार्ड यांना जोडणारा मायक्रोसॉफ्टचा आज्ञासंच, म्हणजे २००२ चे डायरेक्ट थ्रीडी ९, याच्या काळात अशा आज्ञांना तपासणी आणि ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) यांतून जावे लागे, आणि आज्ञा लहान असो वा मोठी, त्यासाठी लागणारा प्रोसेसरचा वेळ जवळपास तेवढाच असे. दहा हजार त्रिकोणांचा एक पुतळा एका आज्ञेत काढणे कार्डाला सहज जमे. पण दहा-दहा त्रिकोणांचे हजार वेगवेगळे दगड हजार आज्ञांनी काढायचे, तर त्रिकोण तितकेच असूनही कार्ड वाट पाहत बसे. हजारो सैनिक एकाच वेळी हलवणारे जुने व्यूहरचनेचे गेम आजच्या महागड्या कार्डावरही अडखळतात, त्यामागे हा इतिहास आहे. अर्थात प्रत्येक सैनिकाची वाट शोधण्याचे गणितही तिथे प्रोसेसरवरच असते.

दरवर्षी प्रोसेसर वेगवान होत होते तोवर हे फारसे बोचले नाही. पण २००४ साली इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला आणि २००५ पासून वेगाऐवजी कोर, म्हणजे एका प्रोसेसरमधील स्वतंत्र गणनाकेंद्रे, वाढू लागले. ड्रॉ कॉल मात्र बहुतांशी एकाच थ्रेडमधून, म्हणजे एका वेळी एकाच कोरवर चालणाऱ्या कामाच्या धाग्यातून, जात राहिले. ऑक्टोबर २०११ मध्ये एएमडीचा एफएक्स ८१५० आठ कोर घेऊन आला, आणि तरीही गेममध्ये इंटेलच्या चार कोरच्या आय५ २५००के च्या मागे पडला, कारण त्याचा एकेक कोर कमकुवत होता. ‘चार कोर पुरेत, एका कोरचा वेग पाहा’ हा सल्ला तिथून रूढ झाला. त्याच काळात आणखी एक समजूत पक्की झाली : कार्ड बदलत राहावे, प्रोसेसर बदलायची गरज नाही. २५००के ने कार्डांच्या अनेक पिढ्या निभावल्या, हे खरे आहे. माझ्या मते त्याचे बरेच श्रेय कन्सोलांना जाते. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांत आठ, पण अगदी मंद जॅग्वार कोर होते, आणि त्यांवर चालेल असाच गेम लिहावा लागत असल्याने पीसीच्या जुन्या प्रोसेसरांनाही तो झेपत असे.

याच कन्सोलांनी गेमकर्त्यांना काम अनेक कोरांत विभागण्याची सवय लावली. एएमडीने २०१३ मध्ये जाहीर केलेले मँटल, २०१५ चे डायरेक्ट थ्रीडी १२ आणि मँटलच्या पायावर उभे राहिलेले २०१६ चे व्हल्कन या नव्या आज्ञासंचांनी ड्रॉ कॉलचा खर्च कमी केला आणि आज्ञा अनेक थ्रेडमधून तयार करण्याची सोय केली. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये एएमडीच्या झेन २ या अधिक वेगवान रचनेचे आठ कोर असलेले कन्सोल आले, तेव्हा जुन्या चार कोरांना मिळालेली सवलत संपली.

दरम्यान मोजण्याची पद्धतही सुधारली. सेकंदाला सरासरी किती फ्रेम, एवढ्यावर भागत असे. २०११ मध्ये द टेक रिपोर्ट या संकेतस्थळाने प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मांडायला सुरुवात केली, आणि चांगल्या सरासरीआड दडलेले झटके दिसू लागले. जुना प्रोसेसर बहुधा या झटक्यांतच आधी उघडा पडतो.

फ्रेमच्या वेळेत विचार केला की रिझोल्यूशनचा, म्हणजे चित्रातील पिक्सेलांच्या संख्येचा, गोंधळही सुटतो. समजा, एका फ्रेमसाठी प्रोसेसरला १० मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला १०८०पी वर ६. दोघेही समांतर काम करीत असल्याने सेकंदाला साधारण १०० फ्रेम मिळतील आणि कार्ड थोडे रिकामे राहील. तेच दृश्य चौपट पिक्सेलांच्या ४के वर नेले आणि कार्डाला २० मिलिसेकंद लागू लागले, तर ५० फ्रेम मिळतील. प्रोसेसरचे १० मिलिसेकंद मात्र जवळपास तेवढेच राहतील. ४के वर अडसर नाहीसा होतो असे म्हणतात, तेव्हा प्रोसेसर वेगवान झालेला नसतो, कार्ड त्याच्याहून मागे पडलेले असते. म्हणून रिझोल्यूशन उतरवून पाहावे : फ्रेम वाढल्या नाहीत, तर मर्यादा प्रोसेसरची आहे. त्याचा एकूण वापर ३५ टक्के दिसला म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण आठ कोरांपैकी एकच पूर्ण भरलेला असला तरी आकडा कमीच दिसतो.

अलीकडच्या वर्षांत या प्रश्नात कार्डाची रचनाही शिरली आहे. जानेवारी २०२२ च्या रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी ला पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या, फक्त चार लेन होत्या, त्यामुळे तो मार्ग तिसऱ्या पिढीचा असलेल्या जुन्या मदरबोर्डावर ते मंदावत असे. तिथे दोष प्रोसेसरचा नव्हता. डिसेंबर २०२४ चे इंटेल आर्क बी५८० कमी बजेटचे, म्हणजे जुना संगणक असणाऱ्याला मोहवणारे कार्ड. पण त्याच्या ड्रायव्हरचा प्रोसेसरवरील भार जास्त असल्याने जुन्या प्रोसेसरांसोबत ते प्रतिस्पर्धी कार्डांपेक्षा अधिक घसरते, असे चाचण्यांत दिसले. उलट एएमडीचा ५८००एक्स३डी प्रोसेसर एप्रिल २०२२ मध्ये ९६ मेगाबाइट एल३ कॅशे (प्रोसेसरमधील वेगवान स्मृती) घेऊन आला, आणि बायोस (मदरबोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्यावर २०१७ च्या अनेक बोर्डांवरही बसला. त्या बोर्डांच्या मालकांना बोर्ड आणि रॅम न बदलता अडसर दूर करता आला.

एनव्हिडियाच्या डीएलएसएससारखी अपस्केलिंग तंत्रे दृश्य आतून कमी रिझोल्यूशनवर काढून मग मोठे करतात. त्यामुळे कार्डाचा वेळ घटतो आणि ४के वर खेळणाऱ्यालाही प्रोसेसरची मर्यादा पुन्हा भेटते. २०२२ पासून आलेली फ्रेम जनरेशन मधल्या फ्रेम प्रोसेसरला न विचारता तयार करते, म्हणून पडद्यावरची हालचाल सलग दिसते. माउस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद मात्र प्रोसेसरने घडवलेल्या मूळ फ्रेमच्याच गतीने येतो.